कण्हेरीखालची वायर

आत्याचा चेहरा टीव्हीवर थिजला. ओठ अर्धवट उघडे, एक डोळा मिटत आलेला. "प्रांजली, सर्जाच्या फोटूला..." एवढंच बोलणं पोहोचलं होतं. मांडवात बसलेल्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पडदा निळा पडला आणि आत्या दिसेनाशी झाली.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. टेंभुर्णीतल्या आमच्या घरापुढे पांढऱ्या कापडाचा मांडव घातला होता. टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी आबांचा फोटो, आणि त्याच्या बाजूला, पाहुण्यांना जरा चमत्कारिक वाटावा असा, घरातला मोठा टीव्ही; त्याला जोडलेला एक जादा फोन समोर टेकवून ठेवलेला. वंदना अजून सुरू व्हायची होती. भंतेजींनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चीवर सावरून बसले.

मी माझा फोन पाहिला. रेंज पूर्ण दिसत होती, पण फोन लागत नव्हता. तेवढ्यात शेजारच्या गिरिजाबाई त्यांच्या दारातून म्हणाल्या, "आमचाबी बंद झाला गं. सर्जेराव गेला अन् जाताना गावाचा टीव्हीबी संगं घेऊन गेला का काय."

दोघीतिघी हसल्या. आईसुद्धा हसली. आबा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मला मात्र हसू आलं नाही. तो टीव्ही मी मांडवात आणला होता तो फक्त आत्यासाठी. चांगुणाबाई आत्या, आबांची थोरली बहीण, शहागडला असते. आबा रांगत होते तेव्हा त्यांची आई वारली, आणि आत्याने त्यांना कमरेवर घेऊन दुसऱ्यांच्या शेतात खुरपण केलं. तीच कंबर यंदा ओसरीत पडून मोडली. आबा जालन्याच्या दवाखान्यात तडकाफडकी वारले तेव्हा तिला पलंगावरून हलता येत नव्हतं, आणि त्या धावपळीत निदान फोनवर तिला त्यांचं शेवटचं दर्शन घडवावं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. नुसतं कळवलं.

ती रडली नाही. म्हणाली, "मी पाह्यलं न्हाई. न पाहता गेला कसं म्हणू?" आणि जेवण बंद केलं. तिची नातसून साक्षी चहात बुडवून चतकोर भाकरी भरवायची, तेवढ्यावर ती होती. मी व्हिडिओ कॉल करते म्हटलं तर त्यालाही तयार नव्हती. "कार्यक्रमाला समदे बसतेन, तवा दाखव. त्याच्या घरातून, माझ्या टीव्हीवर. तवर माझा सर्जा टेंभुर्णीतच हाय. वायरी ओढून राह्यलाय." पाहिल्यावरच ताटावर बसेन, असं तिने साक्षीला सांगून ठेवलं होतं.

म्हणून हा खटाटोप. आणि आता पडदा निळा होता.

आबा केबलवाले. मी लहान असताना आमच्या घराच्या धाब्यावर डिशची मोठी छत्री होती आणि तिच्यातून निघालेली काळी वायर घरांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांना चुकवत गावभर गेलेली होती. ज्या घरांत आजोबांना उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे, त्या घरांच्या माजघरापर्यंत आबांची वायर गेली. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. तेव्हा सगळं गाव एका वेळी एकच चित्र पाहायचं आणि गल्लीतून चालत गेलं तर दारोदार तोच संवाद पुढे पुढे ऐकू यायचा.

मग फायबर आली. माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात जालन्याच्या रस्त्याकडून टेंभुर्णीपर्यंत वायर पुरायचं काम आबांना मिळालं. एका संध्याकाळी त्यांनी वायरीच्या तुकड्यावरची सालं एकेक करून सोलली आणि आतून निघालेली काच माझ्या तळहातावर ठेवली. केसाएवढी. डोळे मिटले तर ती हातावर आहे की नाही हे सांगता येईना.

"वजन लागतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"ह्याच्यातून अख्खं टेंभुर्णी जाणार. उजेड होऊन. फोन, टीव्ही, ब्यांक, मोबाइलचा टॉवर, समदं. गिरिजाबाईची मालिका, कडूबाईच्या पोराचं सौदीवरून बोलणं, तुझा अभ्यास. एकाच टायमाला, अन् कुणाचा कुणाला धक्का लागत न्हाई. बघ म्हंजे."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं असं नाही. पुढे नवं कनेक्शन देताना ते प्रत्येक घरात सांगत, आणि दर वेळी त्यांच्या तोंडावर नुकतंच कळल्यासारखा भाव असे. शेवटपर्यंत त्यांना त्याची सवय झाली नाही. मी पुढे पुष्कळ वाचलं, शिकवायलाही लागले, पण एखाद्या गोष्टीपुढे माणसाने इतकी वर्षं असं उभं राहावं, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही.

कल्याणकाका कंट्रोल रूममधून बाहेर आले. कंट्रोल रूम म्हणजे आमच्या घराची कोपऱ्यातली खोली, जिथून गावाच्या वायरी सुटतात. काका आबांचे जुने भागीदार. सुरुवातीच्या काळात आबा शिडीवर आणि काका शिडी धरून, असं त्यांचं काम चाले. कार्यक्रमासाठी त्यांनी पांढरा इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खांद्यावर काच जोडायच्या मशीनची बॅग होती.

"जालना रोडला, पुलाच्या अलीकडं तुटलीय," ते म्हणाले. "मीटर तसंच दाखवतंय. तिकडं रस्त्याचं काम चालू हाय."

"आज होईल?"

त्यांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. मी येते म्हटल्यावर माझ्या साडीकडे पाहिलं. "मॅडम, पांढरी साडी घालून खड्ड्यात उतरता का?"

"उतरते."

भंतेजींनी थांबायचं कबूल केलं, पण ऊन उतरायच्या आत त्यांना दुसऱ्या गावी निघायचं होतं. मी काकांच्या मागे मोटारसायकलवर बसले, मशीनची बॅग मांडीवर धरली आणि वाटभर त्या बॅगेच्या चेनकडे पाहत राहिले.

पुलाअलीकडे रस्त्याची एक बाजू खणून काढली होती. जेसीबी थांबलेला होता आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर डबा खात बसला होता. आम्हाला पाहून त्याने डब्याचं झाकण लावलं. कुणीतरी भांडायला येणार हे त्याला ठाऊक असावं. त्याचं नाव ओमप्रकाश.

"खाली वायर हाय म्हणून मला कुणी सांगितलंच न्हाई," आम्ही काही विचारायच्या आधीच तो म्हणाला. "बोर्ड न्हाई, दगड न्हाई."

"दगड लोक चुलीला नेतात," काका म्हणाले. आणि भांडण तेवढ्यावरच संपलं, कारण काका खड्ड्यात उतरले होते.

वायर नुसती तुटलेली नव्हती. बकेटच्या दातात अडकून ओढली गेली होती, आणि मधला मोठा तुकडा चेचून वाया गेला होता. चांगली असलेली दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब, मातीतून बाहेर आलेली. काकांनी ती हातात धरून ताणून पाहिली. भेटेनात.

"मधी घालायला नवी वायर पाह्यजे. ती जालन्याहून येणार, उद्या. नाहीतर लूप सापडला पाह्यजे."

लूप म्हणजे पुरतानाच वायरीचा जास्तीचा वेढा करून खड्ड्यात ठेवलेला असतो तो. पुढे कधी तुटली तर तेवढी ओढून घ्यायला. "सर्जेरावनं इथं कुठंतरी ठेवला असणार. पण हा तुकडा त्यानं एकट्यानं केल्ता, मी तवा भोकरदनकडं होतो. अन् आता तर ह्यानं समदी जमीनच उलथीपालथी केली."

मी पुलाच्या चढावर गेले. तिथे दुसऱ्या टॉवरची रेंज मिळाली. साक्षीला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती. आत्या सकाळपासून टीव्हीसमोर उशी लावून बसलेली आहे, म्हणाली. चहासुद्धा नको म्हणते. "निळा पडदा आला तरी नजर काढंना. मी म्हनलं, आजी, बंद करू का. तर म्हनल्या, राहू दे, तो नीट करून राह्यला असंल."

मी फोन खाली घेतला. चढावरून खणलेल्या कडेला काढून टाकलेल्या झुडपांचा ढीग दिसत होता. बाभळीची पोरं, टाकळा, घाणेरी. आणि मध्येच, उलटं पडलेलं, मुळं वर झालेलं पांढऱ्या फुलांचं कण्हेरीचं झाड.

फायबर पुरली त्या उन्हाळ्यात मी आबांच्या स्कूटरवर मागे बसून कामावर जायची. माझ्या मांडीवर ओलं पोतं असायचं आणि पोत्यात आमच्या अंगणातल्या कण्हेरीच्या फांद्या. ती कण्हेर आईने माहेरहून आणलेली. लूपचा खड्डा बुजवला की आबा त्याच्या जवळ एक फांदी खोचायचे. दगड उचलून नेतात, लिंब लावला तर शेळ्या ठेवत नाहीत, आणि मोठ्या झाडाची मुळं वायरीला धरतात. कण्हेरीला शेळी तोंड लावत नाही आणि कुणी ती सरपणालाही नेत नाही. मी बाटलीतलं पाणी घालायची. एकदा मी विचारलं होतं की खड्डा नेमका कुठे ते कसं ओळखायचं. आबांनी मला दोन्ही खांद्यांना धरून झाडासमोर उभं केलं होतं. "रस्त्याकडं पाठ, झाडाकडं तोंड. मंग पायाखाली बघायचं."

मी चढावरून पळतच खाली आले. ओमप्रकाशला विचारलं, ही कण्हेर कुठून उपटली?

"ताई, सकाळपून कितीतरी उपटले. झुडपं साफ करायचंच काम हाय माझं."

"पांढरी फुलं होती. आठवून सांगा."

तो ढिगाकडे पाहत राहिला. मग जरा ओशाळून म्हणाला, "फुलं होती म्हनून थोडा थांबल्तो मी. वाटलं, राहू द्यावं का. पन मापात येत होतं." तो उठला, खणलेल्या कडेने चालत गेला आणि एका जागी थांबला. "इथं. बिलकुल इथं."

मातीत तुटकी मुळं होती. हात लावला तर अजून ओलसर, चिकट. मी रस्त्याकडे पाठ केली आणि जिथे झाड असायला हवं होतं तिकडे तोंड करून उभी राहिले. मग बाजूला झाले आणि म्हटलं, "काका, इथे खणा."

ओमप्रकाशने जेसीबी चालू करायची तयारी दाखवली तेव्हा काका म्हणाले, "बाबा, तू आता फक्त फावडं घे." मग ते दोघे खणू लागले. मीही हाताने माती ओढत होते. थोडं खाली जुनं प्लास्टिकचं पोतं लागलं, आणि त्या पोत्यात, आमच्या घरची वाळत घालायची दोरी जशी गुंडाळून खुंटीला अडकवायचे तशीच, आतल्या अंगाने बाहेर नीट वेढे घालून बांधलेली काळी वायर.

काका खाली बसले. त्यांनी वेढ्यांवरून हात फिरवला.

"केवढी ठेवलीय," ते म्हणाले. "एवढी कुणी ठेवत न्हाई. कंपनीवाले वरडायचे त्याला, वायर वाया घालवतो म्हणून."

"ते काय म्हणायचे?"

"म्हणायचा, आपुन असू तवा आपल्याला जमंल. आपुन नसल्यावर येणाऱ्याला पुरली पाह्यजे."

वेढे सुटत गेले, वायर मातीतून सरकत पुढे आली आणि दोन टोकं एकमेकांशेजारी येऊन पडली. धूळ उडू नये म्हणून ओमप्रकाश आपली चादर आडवी धरून उभा राहिला. काकांनी वायर सोलली. आतून बारा रंगांचे बारा केस निघाले. "आधी गावाची निळी," ते म्हणाले. दोन्हीकडची निळी काच त्यांनी पुसली, छाटली आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवली.

मशीनच्या छोट्या पडद्यावर ती दोन टोकं दिसू लागली. हातात धरली तर डोळ्यांना न दिसणारी काच तिथे खांबांएवढी जाड. दोन्ही खांब आपोआप हलत, जरा वर, जरा खाली होत, एकमेकांच्या समोर आले आणि थांबले. मध्ये बारीकशी फट होती. त्या फटीच्या एका बाजूला मांडव, आई, भंतेजी, सगळं टेंभुर्णी होतं. दुसऱ्या बाजूला जालना, त्यापलीकडे दुसऱ्या कुणाच्या वायरी, तिसऱ्या कुणाचे टॉवर, गोदावरीवरचा पूल, आणि शेवटी एका खोलीत निळ्या पडद्याकडे बघत बसलेली म्हातारी.

"दाब," काका म्हणाले. "तूच दाबायचीस ना मागं?"

खरं होतं. आबा बटण मला दाबू द्यायचे. मी दाबलं. बारीकशी ठिणगी पडली आणि फट नाहीशी झाली. कुठे जोडलंय ते दिसतसुद्धा नव्हतं.

थोड्या वेळाने काकांचा फोन वाजला. आई होती. "आला," एवढंच म्हणाली.

बाकीच्या काचा जोडून, पेटीत बंद करून, उरलेली वायर काकांनी पुन्हा गोल गुंडाळली. लागेल तेवढी वापरूनही दोन-तीन वेढे शिल्लक होते. ते त्यांनी त्याच पोत्यात घालून खड्ड्यात ठेवले. माती लोटून झाली तेव्हा ओमप्रकाश कुठे दिसेना. तो ढिगाकडे गेला होता. उपटलेल्या कण्हेरीची एक फांदी मोडून त्याने आणली, खणलेल्या मापाच्या बाहेर, जरा मागे सरकून खोचली आणि आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी तिच्या बुडाशी ओतलं. "आता कुनी आलं तर मी सांगतो त्याला," तो म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

परत येताना मी समोर पाहत होते. कल्याणकाकांच्या खांद्यावरून, रस्त्याच्या कडेला, एका ठिकाणी पांढरी फुलं दिसली. पुढे मोरीजवळ पुन्हा. मग एका शेताच्या बांधाला, वळणावर, शाळेच्या कुंपणापाशी. मी इतकी वर्षं या रस्त्याने एसटीने येत होते आणि खिडकीतून ही झाडं पाहत होते. कुठलीतरी कण्हेर, असंच वाटायचं. ती सगळी आमच्या अंगणातली होती. एकाच झाडाच्या फांद्या, कोसच्या कोस, प्रत्येकीच्या पायाशी एक गुंडाळलेला वेढा, आणि त्या वेढ्यातून या क्षणी कुणाचं हसणं, कुणाचा धडा, कुणाचा दूरचा मुलगा उजेड होऊन चाललेला. कुणाला धक्का न लावता. माझ्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं की मी काकांचा सदरा घट्ट धरला. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझे मातीचे हात उमटले.

मांडवात आत्या टीव्हीवर बसलेली होती. कपाळावर पदर, मागे शहागडच्या घराची हिरवी भिंत. लोक तिच्याकडे तोंड करून बसले होते, जणू तीच मुख्य पाहुणी. माझ्या साडीकडे पाहून ती म्हणाली, "कुठं लोळून आलीस गं?" आई पुन्हा हसली. मग वंदना झाली. त्रिशरण, पंचशील. "साधू, साधू, साधू" म्हणताना आत्याचा आवाज सगळ्यांच्या किंचित मागून येत होता, एवढा रस्ता चालून आल्यासारखा. भंतेजी वेळेवर निघाले.

जेवणं सुरू झाली तेव्हा आत्याने मला हाक मारली. "प्रांजली, फोन हातात घे. मला घर दाखव."

मी टीव्हीपुढचा फोन उचलून आत गेले. तिने एकेक खोली सांगितली. आधी ओसरी. मग स्वयंपाकघर, जिथे आबा चुलीशी बसून चहा पीत. मग माजघर. प्रत्येक ठिकाणी ती मला कोपऱ्यातून कोपऱ्यात फोन फिरवायला लावत होती आणि पाहून झालं की म्हणत होती, "बरं. म्होरं चल." ती काय शोधते आहे हे मला परसातल्या दाराशी कळलं. मीही पाहत होते.

"आता त्याची मशीनची खोली."

कंट्रोल रूममध्ये पंख्याचा आवाज होता. भिंतीला टेकून डबे रचलेले, त्यांच्यावर हिरव्या दिव्यांच्या रांगा. समोर आबांची खुर्ची. पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच होता. आईने तो काढला नव्हता.

"ते काय लुकलुकून राह्यलंय?"

"त्यातूनच तू येतेस, आत्या. तुझं बोलणं, तुझा चेहरा."

ती गप्प झाली. दिवे लुकलुकतच होते.

"मी गप बसले तरी चालूच हाय की."

"गावातलं कुणीतरी काहीतरी बघत असेल."

"सर्जानं केलेलं?"

"हो."

तिने बराच वेळ पाहिलं. मी फोन खुर्चीकडे धरला होता, तो वळवला नाही.

"इथंबी न्हाई," आत्या म्हणाली. "मंग गेला."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही. मग मान वळवून, रोजच्या आवाजात ती म्हणाली, "साक्षे, भाकर आण. ताट वाढून आण."

ताट आल्याचा आवाज झाला. आत्याने भाकरी मोडली. "फोन असाच धर, पोरी," ती मला म्हणाली. "त्याच्या खुर्चीवरच ऱ्हाऊ दे."

ती जेवत होती, खुर्चीकडे पाहत, सावकाश, दात नसलेल्या तोंडाने एकेक घास चघळत. मी भिंतीला टेकून उभी होते. हात भरून आला तेव्हाही मी फोन दुसऱ्या हातात घेतला नाही. चित्र हललं असतं.